दहानंतर न उठणाऱ्या नऊ मशिनी

वारंगा फाटा,
ता. कळमनुरी, जि. हिंगोली.
गुरुवार, दुपार

चि. विश्वजीत यास मार्तंडदादाचे आशीर्वाद. (‘चि.’ लिहिताना पेन जरा अडखळलं. पन्नाशी उलटलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधून हिंडणाऱ्या माणसाला चिरंजीव म्हणावं का, हा प्रश्नच आहे. पण तुला असं म्हणणारं माझ्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही, तेव्हा चालवून घे.) सौ. नीलांबरीलाही आशीर्वाद. गुडघा कसा आहे? जिना चढतोस की लिफ्टनेच जातोस? माझी प्रकृती ठणठणीत आहे. साखर तेवढी वाढली. बाकी इकडे काही वाढलेलं नाही, विद्यार्थीसुद्धा नाहीत.

पत्रास कारण असं की आपल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मोठी घडामोड झाली आहे आणि ती तुझ्या कानावर दुसऱ्या कोणाकडून जाऊ नये. परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्यापासून आपले चौदा टाईपरायटर मागच्या खोलीत चादरीखाली आहेत. मीही त्याच खोलीत झोपतो, त्यामुळे रात्री कूस बदलताना कधी कधी एखाद्याची घंटी वाजते. तर यंदा नांदेडच्या एका कॉलेजनं जुन्या मशिनी काढल्या, त्यातल्या नऊ मी टेम्पोत घालून आणल्या. एकीतही डिस्क नाही. खोकं आहे, पडदा आहे, कीबोर्ड आहे, पण स्वतःचं असं काही साठवलेलंच नाही. सकाळी बटण दाबलं की ती बिचारी वायरीतून ओरडते, मी कोण, माझा पत्ता काय आणि मी कशावर सुरू होऊ? मग कोपऱ्यातली मोठी मशीन, जिच्यात लिनक्स टाकलं आहे, ती उत्तर देते: हा घे पत्ता, ही घे फाईल, हो सुरू. (हे सगळं तुला सांगणं म्हणजे सुताराला रंधा समजावण्यासारखं आहे. पण पत्र नीलांबरीही वाचेल, म्हणून सांगतो.)

तू विचारशील, दादाला हे जमलं कसं? इंटरनेटवरून त्रेचाळीस पानं छापून आणली आणि जसंच्या तसं टाईप केलं. साठचा स्पीड आहे माझा, एक चूक नाही. फक्त मी काय टाईप करतो आहे ते मला समजत नव्हतं. त्याचंही विशेष नाही. चाळीस वर्षं मी लोकांची खरेदीखतं आणि घटस्फोटाचे अर्ज मजकुराकडे न बघताच टाईप केले आहेत. त्रेचाळिसाव्या पानाला मोठी मशीन सुरू झाली. नऊपैकी सहा पहिल्याच दिवशी उठल्या. उरलेल्या तिघी लाईट गेली की ‘नेटवर्कवरून सुरू व्हायचं’ हे सांगितलेलं विसरून जायच्या आणि आपल्यात नसलेली डिस्क शोधत बसायच्या. त्यांच्या पोटात बटणाएवढा सेल असतो, तो मेला होता. घड्याळवाल्याकडून तीन सेल आणून बसवले आणि सगळ्यांची स्मरणशक्ती ठिकाणावर आली. (हे मी स्वतः शोधून काढलं. इथे शाबासकी द्यायला कोणी नव्हतं, म्हणून लिहितो.)

आता पुनमबद्दल. ही डोंगरकड्याची सून, दोन लेकरांची आई, आणि तेव्हाची माझी एकुलती एक नियमित विद्यार्थिनी. लेकरांना शाळेत सोडून जीपनं यायची, साडेदहाला दारात, साडेबाराच्या जीपनं परत. तेवढेच दोन तास तिचे. परीक्षा दोन महिन्यांवर, आणि घरी सासूनं बजावलेलं की या खेपेला नापास झालीस तर टायपिंग बंद. पहिल्या दिवशी ती पाटी पुसून आलेल्या लेकरासारखी टवटवीत येऊन बसली, बटण दाबलं, आणि पडद्यावर इंग्रजीत आलं की सुरू व्हायची फाईल मिळाली नाही. दुसरी दाबली, तेच. नऊच्या नऊ तेच. मी म्हटलं, अहो, सकाळी सातला मी स्वतः सगळ्या चालवून पाहिल्या! दुसऱ्या दिवशीही तसंच. सात वाजता चालतात, नंतर मी नीट बंद करून ठेवतो, आणि ही आली की एकही उठत नाही.

तीन आठवडे हे चाललं, विश्वजीत. मी आधी उन्हाला दोष दिला आणि मोठ्या मशीनवर ओलं फडकं ठेवलं (हे करू नये, कळलं). मग हळदीच्या ट्रकांची धूळ, मग फाट्यावरचा व्होल्टेज. शेजारच्या मोबाईल दुकानाचा हिरासिंग भला माणूस. तो रोज शटर उघडलं की पाच मिनिटं येऊन बसायचा, मशिनींकडे आजारी म्हशीकडे बघावं तसं बघायचा आणि चुकचुकायचा. एक दिवस त्यानं लिंबू-मिरची आणून बांधली. आणि त्या दिवशी पुनम बॅग आवरता आवरता म्हणाली, “सर, एक इचारू? माझाच पाय वाईट हाय का? घरी बी असंच म्हनतेत. मी आले का दूध नासतं, मी आले का मोटार बंद पडती.” मी हसून दाखवलं. ती हसली नाही. ती गेल्यावर मी नऊ काळ्या पडद्यांसमोर बसलो आणि मला पहिल्यांदाच मशिनींचा खरा राग आला. मशीन बिघडली तर बिघडू दे, पण तिनं कोणाच्या सासूच्या बाजूनं साक्ष देऊ नये.

म्हणून मी तिला सांगितलं, उद्या पहिल्या जीपनं ये, तुझ्या पायाचा निकाल लावून टाकू. आली आठला. बटण दाबलं आणि मशीन उठली! ती अर्धा मिनिट कीबोर्डाला हातच लावेना. मग जी सुरू झाली ती दोन तास थांबली नाही. खोलीभर खटखट आवाज होता. मी नुसता ऐकत बसलो होतो (रजिस्टर उघडं ठेवलं होतं, कामात आहे असं वाटावं म्हणून). दहा वाजून पाच मिनिटांनी मी म्हटलं, आता शेजारची सुरू करून बघ. ती उठेना. तिच्या पुढची, तीही नाही. तिची स्वतःची मात्र चालूच.

पुनम उभी राहिली. म्हणाली, “पाय तर सकाळपासून हितंच हाय, सर. मंग आता नवीन काय आलं?” मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, “आलं की. हिरासिंगभाऊचं शटर वाजलं.” आणि मला काही न विचारता ती वायरींच्या मागे लागली. जिथे सगळ्या वायरी एकत्र येतात त्या डब्यापासून एकेक वायर बोटानं धरून ती मशिनीपर्यंत जायची आणि मोजायची. नऊ मशिनींच्या नऊ, मोठीची एक, अशा दहा झाल्या. अकरावी पांढरी वायर भिंतीवरच्या कॅलेंडरमागे शिरत होती. कॅलेंडर उचललं तर भोक. भोकापलीकडे हिरासिंगचं दुकान.

ते भोक कोणी पाडलं असेल? मीच. दोन वर्षांपूर्वी परीक्षेचे फॉर्म भरायला त्याचं इंटरनेट घेतलं होतं, तेव्हा. आणि साफ विसरलो. हिरासिंग दहाला दुकान उघडून आपला इंटरनेटचा डबा सुरू करायचा. माझ्या मशिनी “पत्ता काय” म्हणून ओरडल्या की माझी मोठी मशीन घसा साफ करेपर्यंत त्याचा डबा भिंतीपलीकडून पत्ता देऊन मोकळा व्हायचा. पत्ता द्यायचा, पण पुढे सुरू व्हायची फाईल काही त्याच्याकडे नाही. हिरासिंगला बोलावून सांगितलं तर तो मटकन स्टुलावर बसला. “म्हंजे सर, मी रोज मदतीला येऊन राहिलो, अन् तकलीफ माझाच डबा देऊन राहिला होता?” त्याची समजूत घालायला दोन चहा लागले. ती पांढरी वायर आमच्या वायरींच्या डब्यातून काढून थेट मोठ्या मशीनला लावली, आणि साडेदहाच्या ठोक्याला पुनमनं एकामागून एक नऊ बटणं दाबली. नऊही उठल्या. लिंबू-मिरची तिनंच काढून बाहेर टाकली. मग तोंड फिरवून बराच वेळ पदराला हात पुसत राहिली. मी कॅलेंडर सरळ करत राहिलो.

तर सांगायचं म्हणजे, तुझ्या दादानं एकही माणूस नोकरीला न ठेवता नेटवर्क उभं केलं आहे आणि नऊही मशिनी रोज साडेदहाला सुरू असतात. तुझ्या ऑफिसातल्या लोकांना खुशाल सांग. गुडघ्याला कोमट तेल लाव. इतकं पुरे करतो. हात दुखला म्हणून नव्हे, कागद संपत आला म्हणून.

तुझा,
मार्तंडदादा

ता. क. नऊही मशिनी सुरू असतात हे खरं आहे. त्यांच्यासमोर कोणी बसतं असं मी वर कुठेही लिहिलेलं नाही. पुनम पास झाली, चांगल्या मार्कांनी. आता हिंगोलीत एका वकिलांकडे टायपिंगला जाते. जाण्याआधी सासूला घेऊन पेढे द्यायला आली होती (अर्धा खाल्ला). तिच्यानंतर नवीन कोणी आलेलं नाही. मी सगळ्या सुरू करतो, कारण एकच सुरू केली की खोली फार मोठी दिसते.

आणखी एक. गेल्या दिवाळीत तू म्हणालास, दादा, पुरे झालं, इकडेच राहायला या. मी फोन ठेवून दिला. त्यानंतर तू तीनदा केलास तेव्हा रेंज नव्हती असं कळवलं. फाट्यावर रेंज भरपूर असते. नीलांबरी गॅलरीकडच्या खोलीबद्दल बोलली होती, ती अजून मोकळी आहे का, एवढंच विचारायचं होतं. उत्तर पत्रानंच पाठव. फोन केलास तर मी नको म्हणेन.