सॅक्सोफोन अंड्यासकट द्यावा

मी खाली सही करणारी, या घराच्या खालच्या मजल्यावर राहणारी म्हातारी, पूर्ण शुद्धीवर बसून, कुणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला न भुलता, माझ्या माघारी काय कुणाला द्यायचं ते लिहून ठेवते. "धक्का बसलेल्या अवस्थेत" असंही मी लिहिलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, ते खोडा, उद्या कुणी म्हणेल डोकं ठिकाणावर नव्हतं." डोकं ठिकाणावर आहे आणि धक्काही बसलेला आहे. शाळा माझी चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला कुणी हसू नये.

एक. खालचा मजला मुलाला. न्हाणीघरातल्या गळक्या नळासकट. "उद्या बघतो, आई" म्हणत आलास ना? आता स्वतःचाच नळ बघ.

दोन. बँकेत जे असेल ते सुनेला. मुलाला का नाही, ते त्याला विचारू नये, सुनेला विचारावं. माझी जड इस्त्रीही तिलाच. यांचे बँडचे कोट मी त्याच इस्त्रीनं कडक केले.

तीन. हे, म्हणजे माझे नवरे, हॉटेलच्या बँडमध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवायचे. त्यांचे बारके स्क्रूड्रायव्हर, सांडशी आणि बुचाच्या पट्ट्यांचा डबा नातीला द्यावा, वापरायचा कसा ते वाद्यं दुरुस्त करणारे मास्तर दाखवतील. बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याला काही देऊ नये. तो मागणारही नाही, पण लिहिलेलं बरं. सगळ्यांसमोर यांना म्हणाला होता, "तुझ्या बाजाच्या पोटात गुडगुडतंय, ओवा दे त्याला." हे घरी येऊन जेवले नाहीत.

गुडगुडायचं मात्र खरंच. सॅक्सोफोन जुना घेतलेला. वरचे सूर ठीक, पण सगळ्यात खालचा सूर गुळणी केल्यासारखा थरथरायचा, जागेवर म्हणून बसायचा नाही. यांनी काय काय केलं! चाव्यांखालच्या चामड्याच्या गाद्या बदलल्या, चाव्या उचलल्या, दाबल्या. मग एक दिवस सूर बसला. डोंगरासारखा बसला. मी विचारलं, "कसं केलंत हो?" म्हणाले, "सापडली युक्ती." आणि त्या दिवसापासून सॅक्सोफोन कुणाला उलटा करू देईनात. पुसायचा तरी स्वतःच.

आता चार. हे कलम नीट वाचावं, कारण माझा हात अजून छातीवरून खाली येत नाही.

वरच्या मजल्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. त्या कपडे शिवायच्या, रफू करायच्या. त्यांच्या आईचं एक लाकडी अंडं होतं, कबुतराच्या अंड्याएवढं. लहान मुलांच्या मोज्यात ते घालायचं आणि वरून भोक रफू करायचं. मुलं लहान असताना ते हरवलं. जाऊबाई जिन्यात उभ्या राहून सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आईची तेवढी एकच वस्तू होती माझ्याकडे. हवं होतं तर मागायचं होतंस. चोरलंस कशाला?"

मी? मला साधं बटण लावता येत नाही! अंड्याचं मी काय करणार, उबवणार?

तेव्हापासून आम्ही दोघी मांजराशी बोलतो. त्या वरून म्हणतात, "माऊ, खालच्यांना सांग, पाण्याची मोटर बंद करा." मी म्हणते, "माऊ, वरच्यांना सांग, केली." तीन मांजरं झाली यात. हे मध्ये बसून ऐकायचे आणि सॅक्सोफोन काढून तो खालचा सूर लांबवायचे. मला वाटायचं, माझी समजूत घालतायत.

हे गेल्यावर सॅक्सोफोन नातीनं घेतला. छान वाजवते. परवा तो मास्तरांकडे साफ करायला नेला, मीही गेले. मास्तरांनी तो उलटा केला, ठोकला, आत बोटं घातली आणि म्हणाले, "आजी, यानं अंडं दिलंय."

टेबलावर ते लाकडी अंडं. भोवती बुचाची पातळ पट्टी, कडा तासून चिकटवलेली. तशी पट्टी एकच माणूस चिकटवायचा. मी खुर्ची शोधेपर्यंत खाली बसले होते.

नातीनं वाजवून पाहिलं. खालचा सूर गुळण्या करायला लागला. तिच्या फोनवर सुराचा काटा आहे, तो नुसता थरथरत होता. मास्तर म्हणाले, "टाका बघू परत आत." टाकलं. काटा मध्यावर थांबला. मग मास्तरांनी बाटलीचं बूच टाकून पाहिलं, रबरी चेंडू टाकून पाहिला. सूर काही बसेना. त्याला तेच अंडं लागतं.

म्हणजे मी चोर नाही! इतकी वर्षं चोर माझ्या शेजारी बसून भात कालवत होता. मी रस्त्यात एकटीच हसत होते. नात म्हणाली, "आजी, लोक बघतायत." म्हटलं, बघू देत.

पण घरी आल्यावर हिशेब मांडला. अंडं परत दिलं तर नातीचा सॅक्सोफोन बेसूर. ठेवून घेतलं तर मी आजवर जी नव्हते ती होणार. म्हणून लिहिते: सॅक्सोफोन नातीला, अंडं जाऊबाईंना. आत्ताच द्यावं, मरायची वाट बघू नये. पोरी, तू रडू नकोस. बाकीचं आजोबा सांगायचे तसं कर. आधी फुंकून गरम कर, थंड असला की तो उतरलेला बोलतो. सूर चढला तर माउथपीस जरासं बाहेर, उतरला तर आत. ओठ आवळून सूर ओढू नकोस, जबडा दुखतो आणि सूर तो सूरच राहतो.

पाच. हे कलम चहानंतर लिहिलं. सह्यांसाठी मास्तर आले, दुसरे साक्षीदार शेजारी आलेच नाहीत. वकीलबाईंनी आधीच सांगितलं होतं की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नाही, झाला तर मिळालेलं जातं. अंडं घ्यायला जाऊबाईंना बोलावलं होतं. कठडा धरत खाली आल्या. मी चौथं कलम वाचून दाखवलं. अंडं हातात घेऊन त्यावरची बुचाची पट्टी अंगठ्यानं चाचपली. मग नातीला म्हणाल्या, "वाजव." तिनं वाजवलं. "ईऽ, म्हैस का काय ही!" म्हणाल्या, उठल्या, आणि अंडं स्वतःच्या हातानं सॅक्सोफोनच्या कर्ण्यातून आत सोडलं. "आता वाजव."

तिनं वाजवलं. खिडकीची काच घुमली.

"भावजींनी मागितलं असतं तर दिलं असतं मी," जाऊबाई म्हणाल्या. मग बाजावर टिचकी मारून, "नसतं दिलं म्हणा." आणि मांजराकडे न बघता, सरळ माझ्याकडे बघून: "पेन दे गं इकडे."

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, सही केलीत तर अंड्यावरचा तुमचा हक्क जाईल."

"तेवढं कळतं मला."

सबब अंडं सॅक्सोफोनात राहील आणि सॅक्सोफोन नातीकडे. तिनं रोज एकदा जिन्यात उभं राहून खालचा सूर वाजवावा, म्हणजे वर ऐकू जाईल.

ठिकाण: आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल.
तारीख: वकीलबाईंनी शिक्क्याखाली घातली आहे ती.

लिहून ठेवणार: खालच्या मजल्यावरची आजी (सही)

साक्षीदार पहिले: वाद्यं दुरुस्त करणारे मास्तर (सही)

साक्षीदार दुसऱ्या: वरच्या मजल्यावरच्या थोरल्या जाऊबाई (सही)

ही शेवटची ओळ वकीलबाईंच्या पेनानं लिहिते आहे. माझं पेन जाऊबाई वर घेऊन गेल्या. कुणी मागायला जाऊ नये.