ऐंशीला एक

३ मार्च, मंगळवार

घसरलो! परत घसरलो!

बेत साधा आहे. पाच कडवी चौघांनी नुसत्या गळ्याने गायची, आणि शेवटी कॅशियरबाईंनी पियानोवर दणक्यात साथीला यायचं. आज त्या दणक्यात आल्या आणि असा काही आवाज झाला की शिपाई धावत आत आला. त्याला वाटलं, फायलींचं कपाट पडलं.

पियानो जागच्या जागी. आम्ही अर्धा सूर खाली. दर वेळी अर्धाच!

अग्निशामक दलवाले पोट धरून हसणार. सरकारी खात्यांच्या गायनस्पर्धेत तीन वर्षं तेच पहिले. आणि आम्ही कोण? वजनमापे खातं! लोकांचे काटे तपासणारी माणसं, आणि स्वतःच मापात कमी!

साहेब म्हणाले, "कोणीतरी घसरतंय." बाकी तिघांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांत आधी वन्संनी.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. ऑफिसात समोरच्या टेबलाला, घरी शेजारच्या खोलीत. सुटका म्हणून नाही.

५ मार्च, गुरुवार

साहेबांनी सूर मोजायचं यंत्र आणलं, सेकंदाला किती कंपनं ते दाखवणारं. आधी यंत्रच तपासलं — आम्ही दुसरं काय करणार! मग एकेकाचा गळा. सगळ्यांत खाली साहेब, त्यांच्यावर लिटरवाले (पेट्रोलपंपांची मापं तपासतात, बोलतातही थेंबथेंब), मग मी, सगळ्यांत वर वन्सं.

सा-पासून प दीडपट हवा. दीडपट! सा-पासून ग सव्वापट हवा. सव्वापट! चौघांचेही सूर काटेकोर. साहेबांचे डोळे पाणावले. "दुसऱ्या कुठल्या खात्यात असे गळे सापडतील?"

मग पाच कडवी गायलो. अर्धा सूर खाली.

६ मार्च, शुक्रवार

आज साहेबांनी एकेकाला खोलीबाहेर उभं करून बाकीच्यांना गायला लावलं. दोषी काटा आम्ही असाच हुडकतो.

वन्सं बाहेर — घसरलो. (मनातल्या मनात उड्या मारत होते, त्या थांबल्या.)

लिटरवाले बाहेर — घसरलो. साहेब बाहेर — घसरलो, शिवाय शिस्तही गेली.

मी बाहेर. दाराला कान लावून उभी. पाच कडवी झाली, पियानो आला... आणि जुळला! अगदी चपखल!

मेले मी.

७ मार्च, शनिवार

मला काढलं. स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायचं काम दिलंय. मला! बावीस वर्षांत माझ्या हातून एक शिक्का चुकीच्या वजनावर पडलेला नाही!

नवरा म्हणतो, "मनावर घेऊ नकोस, घरात गा." मग दोन मिनिटांनी म्हणाला, "रोज नको."

१० मार्च, मंगळवार

कोणाशी बोलत नाही. वन्संनी दोनदा चहा विचारला. मान हलवली. त्यांना तर आतून उकळ्या फुटत असतील.

११ मार्च, बुधवार

सापडलं!!

ओट्यावर पिठात बोटाने आकडे मांडत होते. (स्वयंपाक राहिला. नवऱ्याने बिस्किटं खाल्ली.)

आमच्या गाण्यात एका सुरावरून दुसऱ्यावर उड्या आहेत. सा-वरून प, प-वरून रे, रे-वरून ध, ध-वरून ग. चार उड्या, प्रत्येक दीडपट. वर फार चढलो म्हणून दोन सप्तकं खाली उतरायचं, दर सप्तकाला निम्मं, म्हणजे चारने भागायचं. हाती येतात चौसष्टाला एक्याऐंशी. आता तोच ग सा-वरून सरळ घ्या. सव्वापट. म्हणजे चौसष्टाला ऐंशी.

एक्याऐंशी आणि ऐंशी! दोन्ही वाटा खऱ्या, दोन्ही ग खरे, आणि दोघांचं जमत नाही! मी पुन्हा मांडलं. पीठ बदलून मांडलं. तेच!

प्रत्येक कडव्यात आम्ही एका वाटेने जातो आणि दुसरीने परततो. दर फेरीला ऐंशीला एक कमी पडतो. पाच कडव्यांत सोळाला एक. म्हणजे झाला की अर्धा सूर!

आणि मी? एक ओळ संपून दुसरी सुरू होते तेव्हा जुना सूर धरून ठेवायचं काम माझं. तो मी केसभरही हलू देत नाही, म्हणून सगळे त्याला धरून खाली येतात. मी नसले की ज्याला जो आठवेल तो सूर तो लावतो, आणि गाडी रुळावर!

म्हणजे घसरवते मीच. पण प्रामाणिकपणाने!

१२ मार्च, गुरुवार

साहेबांना दाखवलं. ते खुर्चीत बसले. मग उठले. मग परत बसले.

"म्हणजे आपण बरोबर गातो म्हणून चुकतो?"

"हो साहेब."

"कोणाकडे तक्रार करायची?"

लिटरवाले म्हणाले, "दुकानदाराच्या काट्याला थोडी चूक नियमात माफ असते." साहेबांचा चेहरा उजळला. ठरलं! प्रत्येक कडव्यात एका ठरावीक जागी कोणीतरी सूर ऐंशीला एक चढवायचा. मुद्दाम.

कोणी? साहेबांनी छताकडे पाहिलं. लिटरवाल्यांनी बुटांकडे. शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. चढव, आणि ये परत चौघांत. नाहीतर पिशव्या आहेतच.

१६ मार्च, सोमवार

जमत नाही! याहून कमी चुकीला मी लोकांचे काटे जप्त केलेत. ती जागा आली की जुनाच सूर निघतो. वन्सं म्हणाल्या, "मी तुझ्या पायावर पाय देईन. दिला की चढव." त्यांचं वजन मला ठाऊक आहे, म्हणून जरा भीती वाटते. पण म्हणाल्या खऱ्या, आपण होऊन.

१९ मार्च, गुरुवार

पाच कडव्यांत तीनदा जमलं. डाव्या पायाची करंगळी निळी झाली.

२१ मार्च, शनिवार

झाली स्पर्धा.

पहिलं कडवं, ती जागा आली. पाय नाही! वाट पाहिली आणि घाबरून जुनाच सूर धरला. दुसरं कडवं, पाय नाही. तिरक्या नजरेने पाहिलं तर वन्सं समोर बघून गातायत, जशा काही मला ओळखतच नाहीत. विसरल्या! किंवा मुद्दाम! माझा गळा काही आपण होऊन चढेना. पाचवं संपलं तेव्हा मला पिशव्या दिसायला लागल्या होत्या. डोळे मिटले.

कॅशियरबाईंनी दणका दिला. जुळला!! इतका जुळला की त्या स्वतःच पुढची ओळ विसरल्या.

पहिले अग्निशामक दलवालेच. पण आम्ही दुसरे! साहेब माझा हात हातात घेऊन म्हणाले, "शाबास. फार सुंदर चुकलात." मी चुकलेच नव्हते. मग जुळलं कसं?

वन्सं पाणी पीत होत्या.

२३ मार्च, सोमवार

परीक्षकांचा शेरा आला. 'सूर पक्का. मात्र सर्वांत वरचा आवाज प्रत्येक कडव्यात एका जागी किंचित चढतो, आणि बाकीचे नकळत त्याच्यामागे जातात.'

साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी वरच्या आवाजाचं काहीतरी बघावं लागेल. वन्सं "बघा" म्हणाल्या आणि फाईल उघडून बसल्या.

जिन्यात गाठलं त्यांना. पाय न देता स्वतःच का चढवलात, म्हटलं.

"तुला काढलं होतं तेव्हा घरात तोंडातून शब्द काढला नाहीस. मला नाही गं करमत."