दिनूची गाढ झोप

ठाणे, कार्तिक वद्य पंचमी, शके १८१४

तीर्थरूप आईच्या पायांवर द्वारकेचे मस्तक.

कोपिनेश्वराच्या कृपेने आम्ही खुशाल आहोत. शाळेत मला यंदा शिकवायला दुसरी इयत्ता दिली आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

दिनू मध्यंतरी मुळीच रडत नसे. मी शाळेतून येई तेव्हा तो गाढ झोपलेला असे. हाक मारली तरी पापणी हलत नसे. त्याला सांभाळणाऱ्या शेवंतीचा मला संशय आला. परवा मी मधल्या सुटीतच घरी आले, तर ती दुधात गोळी उगाळत होती.

"अफू घालतेस माझ्या लेकराला?"

"माझ्यावर कशाला डाफरता, बाई? श्रावणात तुमच्याच आईनं डबी दिली. म्हणाल्या, पोर किरकिरलं की एक दे, पण मास्तरणीला सांगू नको!"

डबी मी कुलपात ठेवली आहे. दोन दिवस दिनू माझ्याबरोबर शाळेत येऊन भोकाड पसरतो, आणि ते ऐकून मला बरे वाटते.

आई, त्या गोळीत काय आहे ते खरे लिही. मी लहानपणी फार शांत होते, असे तू सर्वांना कौतुकाने सांगतेस. तेही खरे लिही.

माया आहे तशीच आहे, पण उत्तर लवकर यावे.

तुझी लेक,
द्वारका