इंजिन वाढवल्याची कैफियत

तीर्थस्वरूप दादासाहेब यांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा (हे पद अजून माझ्याकडेच आहे असं धरून चालतो) साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सर्व ठीक आहे. म्हणजे मी वेळेवर उठतो, कामावर जातो, आणि परत आल्यावर ओट्याशी उभ्यानेच जेवतो, कारण एकट्यासाठी ताट घ्यायला लाज वाटते.

तुमची बहीण ‘दादाकडे दोन दिवस जाऊन येते’ म्हणून निघाली, त्याला आठवडा उलटून गेला. तिने तुम्हाला तिची बाजू सांगितली असेलच, किंवा (ही शक्यता जास्त) काहीच न सांगता वहिनींच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे रिकामे करून घासायला काढले असतील. डबे निघाले असतील तर ती अजून रागावलेली आहे, हे वहिनींना सांगून ठेवा. म्हणून माझी बाजू लिहितो. वाचून काय तो निवाडा करा, फक्त निवाडा करताना एवढं ध्यानात असू द्या की इंजिन वाढवा असं मला पहिल्यांदा तुम्हीच म्हणाला होतात.

आमच्या घराचा चढ तुम्हाला माहीत आहे. मागच्या वेळी तुम्ही माझ्या मागे बसला होतात, अर्ध्या चढात गाडीने मान टाकली, आणि तुम्ही कडेच्या दगडावर टेकून घाम पुसत म्हणालात की जावईबापू, हिचं इंजिन तरी वाढवा नाहीतर घर तरी खाली आणा. घर खाली आणणं माझ्या हातात नव्हतं. शंभर सीसीचा तो जीव, सपाट रस्त्यावर दोघांना घेऊन मजेत जायचा, पण चढ दिसला की रडकुंडीला यायचा. त्यामुळे लग्न झाल्यापासून आमचा रिवाज ठरून गेलेला. संध्याकाळी मी तिला डोळ्यांच्या दवाखान्यातून घ्यायचं (तिथे ती लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते), चढाच्या पायथ्याशी लाँड्री आहे तिथे गाडी हळू करायची, मी गियर उतरवला की तिने उतरायचं, मी एकट्याने वर जायचं आणि फाटकाशी तिची वाट बघत थांबायचं. यात कधी कुणाला काही बोलावं लागलं नाही. बोलायचे ते समोरच्या गॅलरीतले निवृत्त हेडमास्तर. मी वर पोचलो की रोज विचारायचे, आजही सोडून आलात का? रोज तोच प्रश्न, रोज त्याच आवाजात, आणि वर स्वतःच हसायचे.

शेवटी मी इंजिन वाढवायचं ठरवलं. कुणासाठी? अर्थात तुमच्या बहिणीसाठी. (हेडमास्तरांचा याच्याशी काही संबंध नाही.) तिला सांगितलं तर म्हणाली, कशाला, मला चालायला आवडतं. बायका असं म्हणाल्या की त्यांना बरोबर उलट म्हणायचं असतं, हा नियम मी तुमच्याच तोंडून ऐकलेला आहे, तेव्हा मी तो लावला. गॅरेजवाले वस्ताद म्हणाले, सोपं काम आहे, मोठा सिलिंडर, त्यात मोठा पिस्टन, झालं दीडशे सीसी. ते सोपं काम सुरू झालं आणि मग त्याला पाय फुटले. मोठ्या पिस्टनला जुन्या कार्बोरेटरचं पेट्रोल पुरेना, तो बदलला. मग क्लच घसरायला लागला, तो बदलला. मग चेन कुरकुरली. प्रत्येक वेळी वस्ताद गाडीशी उकिडवे बसून चुकचुकायचे आणि मी पेशंटच्या नातेवाइकासारखा मागे उभा. ब्रेकचं तेवढं राहू द्या म्हणालो. गाडी थांबवण्याची चिंता आम्हाला कधी नव्हतीच, ती आजवर आपली आपणच थांबत आलेली होती.

मध्ये वस्तादांना ताप आला, तेव्हा पिस्टनची जोडणी मी घरीच करायला घेतली. पिस्टन चांगला गरम केल्याशिवाय त्यात पिन जात नाही, म्हणून तो उकळत्या पाण्यात ठेवला. पातेलं दुधाचं होतं हे मी नाकबूल करत नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे कोरा चहा सुरू झाला, इतकंच.

गाडी उघडून पडलेली होती तेवढे दिवस आम्ही बसने येऊन चढ दोघं मिळून पायी चढत होतो. ती वाटेत थांबून थांबून काय काय दाखवायची. लाँड्रीवाल्याच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आता ती कपड्यांवरच्या सुरकुत्यांवरून मुलाशी भांडते. कुणाच्या कुंपणावर वेल चढली आहे. कुठल्या कुत्रीला पिल्लं झाली आहेत आणि त्यातलं कोणतं लबाड आहे. मी ‘हं’ म्हणायचो, कारण डोक्यात कार्बोरेटर. एकदा तर वळणावर तिने आपणहून माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला आणि दोन्ही तळवे एकमेकांवर घासून तिला क्लच कसा चालतो ते समजावून सांगितलं.

आता मुख्य हकिगत. गाडी तयार झाली, मी ती दवाखान्याशी नेली, ती मागे बसली. काय पळत होती गाडी, दादासाहेब! लाँड्रीपाशी आलो, गाडी हळू केली, गियर उतरवला, पिळला ॲक्सिलरेटर, आणि चढ असा खाली गेला की मला भरून आलं. मी हेल्मेटमधून ओरडून मागे सांगत होतो, बघितलंस? दोघं बसलोय हे कळतंय तरी का? तू मागे आहेस हे जाणवतसुद्धा नाही! हेच वेगवेगळ्या शब्दांत फाटकापर्यंत सांगत गेलो. वर पोचून विजयी चेहऱ्याने गॅलरीकडे पाहिलं, तर हेडमास्तर आज हसत नव्हते. ते माझ्या मागे बोट दाखवत होते. मागे कोणी नव्हतं. मी गियर उतरवला आणि ती इतक्या वर्षांच्या सवयीने उतरली होती.

हे मला नंतर कळलं. त्या क्षणी वाटलं, पडली. तसाच गाडी वळवून खाली सुटलो. ती पिशवी घेऊन शांतपणे वर येत होती. मला दिसली, मी ब्रेक दाबला, आणि ब्रेक जुनाच असल्यामुळे तिच्या शेजारून हात हलवत थेट लाँड्रीपर्यंत गेलो, तिथे वाळत घातलेल्या चादरींनी मला झेललं. चादरीतून सुटून परत वर आलो, म्हटलं बस. ती बसली नाही. थांबली, माझ्याकडे नीट बघितलं, दवाखान्यात लोकांकडे बघते तसं, आणि म्हणाली, “जुन्या इंजिनाला निदान मी उतरले की कळायचं.”

एवढंच. दुसऱ्या दिवशी तिने बॅग भरली. मी यावर बरंच उत्तर तयार केलं होतं, पण खरं सांगतो, मला ते आता स्वतःलाच पटत नाही. जुनी गाडी लाँड्रीपाशी एकदम हलकी व्हायची, आणि ते हलकं होणं मला वरपर्यंत जाणवत राहायचं. हल्ली घर तसंच झालं आहे, दादासाहेब. घर खायला उठतं. पश्चात्ताप म्हणून मी गाडीला आठवडाभर हात लावलेला नाही, बसने जातो आणि चढ पायी चढतो. लबाड पिल्लू कोणतं ते मला अजून ओळखता येत नाही.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा, चढ टाळा.

तुमचा,
(सध्या नुसताच) जावईबापू

ता. क. हे पत्र तिला दाखवू नका. मात्र ते टेबलावर उघडं राहिलं आणि तुम्ही अंघोळीला गेलात, तर मी तुम्हाला दोष देणार नाही.

ता. क. २. पश्चात्तापाबद्दल वर लिहिलं ते खरं आहे, पण हेही खरं आहे की गाडीचं हँडल तिने जाताना लॉक केलं आणि चावी तिच्या पर्समधून तुमच्याकडे आलेली आहे. दुसरी चावी मी मागेच हरवली. वस्तादांनी जुना सिलिंडर आणि पिस्टन टाकलेला नाही, परत बसवून देतो म्हणतात. पण त्यासाठी गाडी गॅरेजपर्यंत न्यायला चावी लागेल.

ता. क. ३. चावी कुरिअरने पाठवू नका. जिच्या पर्समध्ये आहे, तिच्याच हाती पाठवा. कोणती बस ते फक्त कळवा, मी लाँड्रीपाशी पायी उभा असेन. आम्ही दोघं चालत वर जाऊ. गाडी वर फाटकाशीच आहे, एकदा तिला वाट बघू दे.