टाक्यातलं गोडं पाणी

माय, मी घर घेतलं. भाड्याचं नाही, माझं. नांदुऱ्यालाच, स्टेशनापासून जरा आत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण आणि अंगणात जमिनीखाली बांधलेलं पाण्याचं टाकं. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुला काही कळवायचं म्हणजे कुठून सुरुवात करावी हेच समजत नाही. म्हणून एकदम घरापासूनच सुरुवात केली. मला माहीत आहे, तू आधी विचारशील, घरमालक कसा आहे? घरमालक मीच आहे माय, आणि जरा वेंधळीच आहे.

राहायला आले त्याच दिवशी मी भिंतीत खिळा ठोकला. आपण किती खोल्या बदलल्या, आठवतं? प्रत्येक खोलीत तुझा एकच कायदा होता, दुसऱ्याच्या भिंतीला हात लावायचा नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला, आरसा गजाला, माझं दप्तरसुद्धा गजाला. पुढे मी दवाखान्यात नर्स म्हणून लागले, संग्रामपूरकडच्या गावांत आणि मग इथे परत, पण राहिले भाड्यानेच, आणि तुझा कायदा काही मोडला नाही. त्यामुळे हजारो माणसांना सुया टोचलेल्या बाईला खिळा कसा धरतात हे ठाऊक नव्हतं. पहिला वाकला, दुसरा उडून कपाटामागे गेला, तिसऱ्याच्या वेळी हातोडी अंगठ्यावर बसली. शेवटी एक खिळा आत गेला आणि त्याच्यासोबत वाटीभर गिलावा खाली आला. कॅलेंडर लागलं, थोडं तिरकं. मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून चहा प्यायले.

मग मला चेवच आला. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि कामाला लागायचे. न्हाणीघरातला गळका नळ बदलला, तोही वरचा कॉक बंद न करता, त्यामुळे कपड्यांसकट आंघोळ झाली. दाराची कडी बसवली ती उलटी. अंगणात वाफे केले, मेथी टाकली, वांग्याची रोपं लावली. शेजारची भाभी भिंतीवरून सगळं बघायची. तिच्या नवऱ्याचं गाद्या भरायचं दुकान आहे, आणि तिची जीभ त्याच्या दाभणासारखी. "नर्सबाई, पेशंट वाचते का आज तुमचा?" असं रोज विचारायची. मला राग यायचा नाही. उलट कोणी बघतंय म्हणून हुरूप यायचा.

पण टाक्यानं मात्र माझं तोंड उतरवलं. इथला नळ तुझ्या वेळेसारखाच आहे अजून, आठ-दहा दिवसांनी येतो. ज्याच्याकडे साठवायला जागा त्याचं घर चालतं. माझं टाकं नळाच्या दिवशी काठोकाठ भरायचं आणि चार दिवसांत तळ दिसायचा. मी एकटी बाई पिऊन पिऊन किती पाणी पिणार? एका मिस्त्रीला बोलावलं. त्यानं वाकून बघितलं, कोपऱ्यातली भेग दाखवली आणि म्हणाला, "काळी माती हाय बाई, उन्हाळ्यात आकसते अन् भिंत ओढते. बुजवून टाका हे." बुजवून टाकलं तर अंगणातल्या बोअरचं खारं पाणी तेवढं राहतं. ते घोटभर प्यायलं तरी तोंड वाकडं होतं. म्हणजे पाण्याशिवायचं घर. मी एवढ्या वर्षांनी घेतलेलं घर.

त्यात भावाचा फोन. तुझा धाकटा आता अकोल्याला मोठ्या घरात राहतो आणि तुझ्यापेक्षा जास्त काळजी करतो. "ताई, तू त्या टाक्यात उतरून राह्यली म्हणते? पडली-गिडली तं कोन पाह्यीन तुले? इकून टाक ते घर अन् इकडे ये. तुही खोली तयारच हाय." तो प्रेमानंच बोलतो, म्हणून तर उत्तर देता येत नाही. त्याच्या घरातली खोली चांगली आहे. पण ती त्याच्या घरातली खोली आहे. शेवटी मीच चिडून म्हणाले, एक डाव मला दुरुस्त करू दे, भरल्यावर पाणी थांबलं नाही तर मी स्वतः सामान बांधते. तो लगेच म्हणाला, "शब्द देल्ला हं तू." शब्द दिला होता खरा.

शिडी लावून टाक्यात उतरले. छन्नीनं भेग मोकळी केली, तारेच्या ब्रशनं घासली, सिमेंट आणि वाळू घमेल्यात घेतली. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, आता यात पाणी घाला. मी बोअरचं पाणी घातलं. दुसरं घालायचं मनातसुद्धा आलं नाही. आणि ते का आलं नाही, ते तुला माहीत आहे.

मी सहा-सात वर्षांची असेन. दारात डालड्याच्या डब्यात मोगरा लावला होता, तो मान टाकत होता. मी माठातलं एक भांडं पाणी त्याला घातलं. तू कापसाच्या जिनिंगमधून दिवसभर सरकी निवडून येतेस, दारातच थांबतेस, ओली माती बघतेस. "काऊन वं, हे कोन्तं पानी टाकलं?" मी सांगते. तू मला मारलं नाहीस. मारलं असतंस तर विसरले असते. तू खाली बसलीस आणि म्हणालीस, "गोडं पानी होतं ते. प्यायाचं पानी. मी दोन मैलावून आनलं होतं वं." आणि त्या संध्याकाळी तू स्वतः पाणी प्यायली नाहीस. मला दाखवायला नाही, हिशोब म्हणून. त्या दिवसापासून माझ्या हाताला वळणच पडलं. गोडं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळं खाऱ्यावर.

गिलावा दिसायला छान झाला. मी भाभीला बोलावून दाखवला. आठवडाभरात त्याला पांढरी बुरशी धरल्यासारखं झालं, आणि नखानं खरवडलं तर पापुद्रे निघायला लागले. बोटाला लागलेली ती पांढरी पूड मी काय सुचलं म्हणून जिभेला लावली. मीठ! मी टाक्यात, शिडीच्या खालच्या पायरीवर बसून खूप रडले. मग हसायलाही आलं, कारण व्हिडिओत कोणीच सांगितलं नव्हतं कोणतं पाणी. कोण सांगणार? त्यांच्याकडे पाणी म्हणजे पाणीच असतं.

भाभीनं वरून डोकावून विचारलं, "क्या हुआ?" मी सांगितलं, की सगळं काढून पुन्हा गोड्या पाण्यात करावं लागेल, आणि पुढे रोज भिंतीवर गोडंच पाणी मारावं लागेल, आणि माझ्याकडे तर प्यायलाच दोन घागरी आहेत. ती म्हणाली, "मंग? माह्याकडं ड्रम भरून हाय. घ्या." मी म्हटलं, अहो, पिण्याचं पाणी भिंतीला? तर म्हणते कशी, "तुमी अकोल्याले गेल्या तं मी भांडू कोनासंग?"

मग पुन्हा छन्नी, पुन्हा ब्रश. या खेपेला मी भाभीच्या ड्रममधलं स्वच्छ, गोडं पाणी सिमेंटमध्ये ओतलं. पुढचे कितीतरी दिवस सकाळ-संध्याकाळ तांब्यानं भिंतीवर पाणी मारत राहिले आणि प्रत्येक तांब्याला तुझा चेहरा दिसायचा. मी मोठ्यानं म्हणायचे, माय, नको बघू, तिकडे तोंड कर.

मग नळ आला. टाकं भरलं, मी कोळशानं पाण्याच्या काठाशी रेघ मारली आणि झाकण लावून टाकलं. त्या टाक्यातलं पाणी काढायचंच नाही असं ठरवलं, आठवडाभर भाभीकडूनच घागर आणली. भावाचा रोज फोन, "थांबलं का?" मी म्हणायचे, बघितलं नाही. खरंच बघितलं नव्हतं, धीरच होत नव्हता. शेवटी एका सकाळी भाभीनंच कंटाळून झाकण सरकवलं. पाणी रेघेवर होतं. बोटभरसुद्धा खाली नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच, ओल्या अंगणात, फतकल मारून बसले. भावाला फोन केला. तो म्हणाला, "बरं, मंग दिवायीले मीच येतो तिकडं." आणि त्याच्याही आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं, बहुतेक वहिनीला विचारावं लागणार नव्हतं म्हणून.

त्या दिवशी मी जन्मात केलं नाही ते केलं. टाक्यातलं बादलीभर गोडं पाणी घेऊन न्हायले. साबण नेहमीचाच. भावाकडे गेल्यावर माझे केस मऊ व्हायचे तेव्हा मला वाटायचं, वहिनीच्या शाम्पूची कमाल. केस वाळले आणि मी त्यांतून हात फिरवला, आणि हात कुठे अडकलाच नाही. मग तुझे केस आठवले. जिनिंगमधून आल्यावर त्यांत कापूस अडकलेला असायचा, मी मागे बसून एकेक धागा काढायचे, आणि तू म्हणायचीस, "माहे केसच असे, काथ्यावानी." तुझे केस तसे नव्हते माय. ते खारं पाणी होतं. तुझे केस कसे होते ते तुलाही कधी कळलं नाही.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून खरं काय ते लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी मी आणखी एक बादली घेतली.