वरची प्लेट, खालची प्लेट

सोमवार, ८ जानेवारी २००७

बाबांना घरी आणलं. पक्षाघाताने उजवा हात, उजवा पाय गेलेला. बोलणंही. एक 'हो' तेवढा उरलाय. तहान लागली तरी हो, दुखतंय तरी हो, पंखा नकोय तरी हो. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, आत सगळं असतं, बाहेर येताना एकच शब्द येतो. सुधारेल हळूहळू. 'हळूहळू' म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही.

खराडीच्या सॉफ्टवेअर ऑफिसात महिनाअखेरपर्यंत रजा टाकली. मॅनेजर : "टेक केअर. रिलीज लक्षात आहे ना?" आहे.

बुधवार, १० जा.

धायरीला बाबांच्या फॅब्रिकेशनच्या शेडवर गेले. वेल्डर गजानन एकटाच स्टुलावर. मूळचा यवतमाळचा, बाबांकडेच मोठा झालेला. म्हणाला, "ताई, वाघोलीच्या खडी क्रशरचं हॉपर अडलं हाय. साहेबानं मापं देल्ली. प्लेट कोनती, ते सांगाच्या आंधीच..."

हॉपर म्हणजे डंपर दगड ओततो ती मोठी पेटी. साधं पोलाद तिथे टिकत नाही, झिजेला टिकणारी प्लेट लागते. पाचशेची की चारशेची (हा कडकपणाचा आकडा), हा प्रश्न. पाचशेची जास्त कडक, घासून कमी झिजते. चारशेची थोडी नरम, पण मार सोसते आणि वाकवली तर ऐकते. मेटलर्जी केलीय मी. मग सगळ्यांसारखी सॉफ्टवेअरला गेले. तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "एसी असेल ना तिथे? मग बरं."

संध्याकाळी त्यांनाच विचारलं.
"बाबा, चारशेची?"
"हो."
"की पाचशेची?"
"हो."
"अहो, दोन्ही कसं चालेल!" ओरडलेच जवळजवळ. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आई आतून आली. "ह्यांना परीक्षेला बसवू नकोस, मीनल."

शनि. १३

वाघोली. क्रशरचे मालक दाभाडे, पांढरी टोपी, भुवयांवरही दगडाची पूड. "म्याडम, सगळ्यात कडक घाला. क्रशर बंद ठेवून बसलोय, परत परत भोकं नकोत."

जुन्या हॉपरच्या आत उतरले. वरच्या बाजूला पोचेच पोचे, गुडघ्याएवढे दगड थेट तिथे आदळतात. खाली मात्र पोचा एकही नाही, नुसतं घासून घासून पापडासारखं झालेलं. वर मार, खाली घासणं. म्हणजे वर चारशेची, जाड. खाली पाचशेची. फार दिवसांनी काहीतरी आपलं आपल्याला सुचलं.

दाभाड्यांना पटेना. "साहेब काय म्हणले?"
"हो म्हणाले."
खोटं नाही. खरंही नाही. परतताना बसमध्ये स्वतःची शरम वाटली.

गुरु. १८

व्यापाऱ्याकडे हवी तेवढी जाड चारशेची नाही, तीन आठवडे लागतील. पाचशेची आत्ता उचला म्हणतो. दाभाड्यांचे फोनवर फोन. रजा संपत आलेली. शेवटी सगळीच पाचशेची घ्या म्हटलं. कडकच मागत होता ना तो दाभाडे? घे.

मंगळ. २३

वरच्या बाजूची प्लेट कोपऱ्यात वाकवायची होती. शेजारच्या बेंडिंगवाल्याकडे नेली. पाचशेचीला वळण मोठं द्यावं लागतं. मला माहीत होतं. पण हॉपरच्या मापात ते बसेना, तेव्हा थोडं कमी केलं. चालेल म्हटलं.

बंदूक उडावी तसा आवाज. मागच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. वळणावर इथून तिथपर्यंत चीर. गजानन प्रत्येकाचा हात धरून बघत सुटला. "कोनाले लागलं नाई ताई. कोनालेच नाई."

लागलं असतं तर...

घरी आले. चप्पलसुद्धा न काढता बाबांच्या पलंगाशी बसले. सगळं सांगितलं : व्यापारी, घाई, वळण, चीर. ते टक लावून ऐकत होते.
"मी चुकले ना, बाबा?"
"हो."
आईला हसू फुटलं. बाबा घरी आल्यापासून पहिल्यांदा हसली. मग तिला ते थांबवता येईना, आणि ती रडायला लागली. मीही. बाबा डाव्या हाताने पांघरूण सारखं करत राहिले.

बुध. २४

दाभाड्यांना फोन केला, खरं ते सांगून टाकलं. प्लेट तडकली. चारशेची येईपर्यंत थांबावं लागेल. आणि बाबा दोन्हीला हो म्हणाले होते, त्यांना दुसरं काही बोलताच येत नाही.
त्यांनी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. काम गेलं, असं धरून चालले.

रवि. २८

दाभाडे घरी आले! डझनभर केळी, टोपी हातात. बाबांशेजारी खुर्ची ओढून बसले. एवढे मोठ्याने बोलले की खालच्या जोशीकाकू बाहेर आल्या.
"साहेब, पोरगी म्हणती वर नरम घालू, खाली कडक. करू का तसं?"
"हो."
"थांबावं लागंल म्हणती. थांबू?"
"हो."
"मग झालं तर."
जिन्यात त्यांना गाठलं. म्हटलं, दाभाडे, मी फोनवर सांगितलं होतं ना...
"कळतंय की मला." टोपीने डोळे पुसले. "पर वीस वर्षं त्यास्नी इचारल्याबिगर पत्रा उचलला न्हाय. आता न इचारता कसं करायचं, म्याडम?"

बुध. ३१

रजा वाढवली, बिनपगारी. मॅनेजरचं उत्तर एका ओळीचं. १३ फेब्रु.ला हजर व्हा, नाहीतर जागा ठेवता येणार नाही. त्याचं काय चुकलं?

गुरु. ८ फेब्रु.

चारशेची वेळेआधी आली. गजाननने प्लेट आधी गरम करून मगच वेल्डिंग घेतलं. वाकवताना मी मशीनपासून हलले नाही. काही झालं नाही. हॉपर वाघोलीला बसलं. पहिला डंपर रिकामा झाला तेव्हा कानठळ्या बसल्या. दाभाडे म्हणाले, "आता टिकंल तवा खरं." दिवाळीच्या आसपास कळेल.

बाबांना सांगायला घाईघाईने घरी आले, तर त्यांना सणसणून ताप.

सोम. १२

न्यूमोनिया. परत हॉस्पिटल. नाकातून नळी. हॉपरचं तीनदा सांगितलं, ऐकू गेलं का माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, वाट बघू. आई बाकावर, पदर तोंडाशी. म्हणाली, "तू उद्या जा खराडीला. इथे बसून तरी काय करणार आहेस?"

बाबांचा मोबाइल माझ्या पर्समध्ये वाजला. सासवडचा कोणी. काँक्रीट मिक्सरची पाती फार झिजताहेत, कोणती प्लेट घालावी?
"साहेब आहेत का?"
आईने माझ्याकडे बघितलं. मी कॉरिडॉरच्या टोकाला, खिडकीशी गेले.
म्हटलं, "बोला."