सोळा तारखेला वसतिगृह बंद

देवास,
३ ऑक्टोबर २०२५

ती. विद्युल्लताकाकूंना,

दसऱ्याचं सोनं पाकिटात ठेवलं आहे, काकांनाही द्या. नमस्कार. त्यांचा गुडघा आता कसा आहे? मी ठीक आहे. काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. वसतिगृहाच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली.
२. दुरुस्तीसाठी १६ तारखेपासून दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत वसतिगृह बंद. सगळ्या मुलींनी घरी जायचं आहे.
३. वॉर्डन भवानीबाईंनी प्रत्येकीला विचारलं, कुठे जाणार? मी म्हटलं, नंतर सांगते.

गेल्या दिवाळीत आणि उन्हाळ्यात मी इथेच राहिले. मेस बंद असायची, खोलीत पोहे करायचे. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी "अभ्यास आहे" म्हणाले. अभ्यास होताच. पण तो धारला, तुमच्या घरीही झाला असता.

दुसऱ्या सेमिस्टरला विद्युत शाखेत मी पहिली आले. सरांनी विचारलं, मोटर उघडायला कुठे शिकलीस? मी तुमच्या मिक्सरचं सांगितलं. तुम्ही म्हणाला होतात, "उघड गं, बिघडलेलाच आहे, आणखी काय बिघडणार?" वर्ग हसला. अकराव्या वर्षी बालकल्याण समितीने मला तुमच्याकडे सांभाळायला दिलं. त्याआधी कुणी मला कशालाच हात लावू दिला नव्हता.

आता मुद्दा. मला अठरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा समितीचा आदेश संपला. तुमची जबाबदारीही कायद्याने तिथेच संपली. महिन्याभराने तुम्ही मला कॉलेजसाठी बसवर सोडायला आलात. निघताना मी "जाते" म्हणाले. एरवी कोथिंबीर आणायला निघाले तरी तुम्ही टोकायचात, "जाते नाही, येते म्हणावं." त्या दिवशी टोकलं नाहीत. मी त्याचा एक अर्थ काढला आणि वर्षभर तो धरून चालले.

काल माझ्या खोलीतल्या शिवांगीला हे सांगितलं. ती म्हणाली, "पागल है क्या? अगं, त्या रडत असतील! रडणारं माणूस टोकणार कसं? तोंड पाहिलं होतंस त्यांचं?"

पाहिलं नव्हतं. मी सीट नंबर शोधत होते.

म्हणून विचारते. सुट्टीत मी घरी येऊ का?

तुमच्याकडे आता समितीकडून चिऊ आली आहे आणि ती माझ्या खाटेवर झोपते, हे माहीत आहे. तिला तिथून हलवू नका. नव्या घरी आलेल्या मुलीची झोपायची जागा बदलू नये. मी खाली गादी घालीन. जमणार नसेल तर तसंच लिहा, भवानीबाई माझी सोय करतील. फक्त खरं लिहा. मला ठेवून घ्या असं सांगणारा कुठलाही कागद आता नाही, हे धरून लिहा.

फोन करू नका. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

सोमवार, १३ तारखेपर्यंत उत्तर मिळावं.

तुमची,
इरावती